अ‍ॅप अपडेट झालं, पण आतला जुना डेटाबेस जागचा हलेना

गडवाट – शनिवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलवाला, नोकरी भोसरीला. अ‍ॅप बनवणं हा माझा रविवारचा उद्योग, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ट्रेकच्या ग्रुपसाठी एक अँड्रॉइड अ‍ॅप केलं. पुण्याहून एका दिवसात होणारे गड, वाट कुठून आहे, टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का, परतीची शेवटची एसटी किती वाजता, असं सगळं. गडावर रेंजचा भरवसा नाही म्हणून माहिती अ‍ॅपमध्येच, एका एसक्यूलाइट फाइलमध्ये (म्हणजे अख्खा डेटाबेस एकाच फाइलीत). ती फाइल अ‍ॅसेट्समध्ये ठेवलीय, म्हणजे अ‍ॅपबरोबर जाणाऱ्या फाइलींच्या फोल्डरात. पहिल्यांदा अ‍ॅप उघडलं की तिथून डेटाबेसच्या फोल्डरात तिची कॉपी होते. ग्रुपच्या बाहेरही पसरलं, आता साडेतीनशेच्या आसपास लोक वापरतात.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यात आपल्या जिल्ह्यातले तीन: शिवनेरी, लोहगड, राजगड. त्यासाठी एक रकाना वाढवला. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं, तेही बदललं. नवी फाइल अ‍ॅसेट्समध्ये टाकली, व्हर्जनचा आकडा वाढवला, प्ले स्टोअरवर चढवलं. लोकांनी इमानेइतबारे अपडेट केलं, आणि अ‍ॅप अजून वेल्हेच दाखवतंय! अनइन्स्टॉल करून परत टाकलं तर माझ्या फोनवर नीट दिसतं.

कोड एवढाच आहे: फाइल आहे का बघ, नसेल तर कॉपी कर.

तर अपडेट झाल्या झाल्या जुनी डेटाबेस फाइल उडवायची कशी?

हिंजवडी_फेज_तीन – शनिवार, रात्री ११:१५

असंच होणार. अपडेट म्हणजे सोसायटीने बिल्डिंगला रंग काढला. तुमच्या फ्लॅटमधलं कपाट कोणी हलवत नाही. कोड आणि अ‍ॅसेट्स नवे येतात. अ‍ॅपने स्वतः फोनवर लिहिलेल्या फाइलींना सिस्टम हात लावत नाही, आणि लावूही नये.

तुम्ही 'फाइल आहे का' विचारता. विचारायला हवं 'कितवी आहे'. त्याची सोय एसक्यूलाइटच्या फाइलीतच आहे. सुरुवातीच्या १०० बाइटच्या हेडरमध्ये ६० व्या बाइटपासून चार बाइट एका आकड्यासाठी राखलेले असतात, त्याला यूजर_व्हर्जन म्हणतात. अँड्रॉइडचा ओपनहेल्पर, म्हणजे डेटाबेस उघडून देणारा तयार कोड, तोच आकडा वाचतो. कोडमध्ये दिलेल्या आकड्यापेक्षा तो लहान निघाला की ऑनअपग्रेड, म्हणजे अशा वेळेसाठी तुम्ही लिहिलेला कोड, बोलावतो. तिथे डिलीटडेटाबेस करा, नवी फाइल कॉपी करा, संपलं.

गडवाट – शनिवार, रात्री ११:२१

धन्यवाद साहेब! एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. करून बघतो.

चहा_आणि_क्रॅश – शनिवार, रात्री ११:२३

एवढं सोपं नाहीये. पॉपकॉर्न घेऊन बसतेय.

गडवाट – रविवार, पहाटे १:४०

ताई, तुमचं खरं ठरलं.

ऑनअपग्रेडमध्ये डिलीट करून कॉपी केलं. अ‍ॅप उघडलं, तर जुनीच माहिती. बंद करून परत उघडलं तर क्रॅश, 'नो सच टेबल: गड'. बाबांच्या जुन्या फोनवर मात्र हेच अ‍ॅप तिसऱ्यांदा उघडल्यावर सुरळीत चालायला लागलं. त्याच्यावर अँड्रॉइड ७ आहे, माझ्यावर १४. एकच कोड, दोन फोन, दोन तऱ्हा. आता झोपतो.

कसब्यातला_बायनरी – रविवार, सकाळी ८:०५

फेज तीन यांचं निदान बरोबर आहे, पण औषध चुकीच्या वेळी दिलं. इथे दोन भानगडी एकात एक अडकल्यात.

पहिली: ऑनअपग्रेड चालू असतो तेव्हा तोच डेटाबेस उघडा असतो, वर एका ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा कामाच्या गठ्ठ्याच्या) आत असतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. उघडी फाइल डिलीट केली की फोल्डरातून तिचं फक्त नाव जातं. ज्याने ती उघडून धरलीय त्याच्या हातात ती असतेच, बंद करेपर्यंत तो तिच्यातच वाचतो नि लिहितो. म्हणून पहिल्यांदा जुनी माहिती दिसली. तुम्ही त्याच नावाने ठेवलेली नवी फाइल शेजारी आहे, पण तिच्याकडे कोणी बघतच नाहीये. हे ऑनअपग्रेडमध्ये करूच नका. हेल्परने डेटाबेस उघडण्याआधी करा.

दुसरी: तुमच्या जुन्या कोडमध्ये 'फोल्डर नसेल तर तयार व्हावं' म्हणून कॉपीच्या आधी एकदा गेटरीडेबलडेटाबेस (डेटाबेस उघडायचा, नसेल तर रिकामा बनवायचा हुकूम) बोलावलंय का? जुन्या धड्यांत सगळीकडे तसंच दिलेलं असायचं. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, राइट-अहेड लॉगिंग (थोडक्यात वॉल) आपोआप चालू असतं. मुख्य फाइलीच्या शेजारी '-वॉल' आणि '-एसएचएम' अशा शेपट्या असलेल्या आणखी दोन फाइली येतात. नवं लिखाण आधी वॉलमध्ये जातं, मुख्य फाइलीत नंतर. तुम्ही आधी रिकामा डेटाबेस उघडता, त्याची नोंद वॉलमध्ये बसते. मग वरून मुख्य फाइल बदलता, वॉल तशीच. पुढच्या वेळी एसक्यूलाइट वॉल वाचतं, त्यात लिहिलेलं असतं की हा डेटाबेस रिकामा आहे. तुमचं गडाचं टेबल फाइलीत असूनही त्याला दिसत नाही. बाबांच्या फोनवर वॉल नाही, म्हणून तिथे निभावलं.

गडवाट – रविवार, सकाळी ८:३१

हो, गेटरीडेबलडेटाबेस आहे. जसाच्या तसा कुठल्यातरी धड्यातून उचललेला. _/\_

ताळेबंद – रविवार, सकाळी ९:१०

मी निवृत्त माणूस, तीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली. मोबाइलमधलं कळत नाही, तरी धागा वाचतो आहे. वॉल म्हणजे आमची रोजकीर्द झाली ना? दिवसभराचे व्यवहार आधी कीर्दीत लिहायचे, मग सवडीने खतावणी करायची.

कसब्यातला_बायनरी – रविवार, सकाळी ९:१८

काका, दंडवत. हे मी आजवर कोणालाच इतक्या थोडक्यात सांगू शकलो नव्हतो. मुख्य फाइल म्हणजे खतावणी. वॉलमधून तिच्यात नोंदी उतरवण्याला चेकपॉइंट म्हणतात. एसएचएम ही कीर्दीतलं कुठलं पान कुठे आहे त्याची सूची, ती हरवली तरी परत तयार होते.

ताळेबंद – रविवार, सकाळी ९:२६

मग यांनी केलं काय, तर खतावणी नवी आणली आणि कीर्द जुनीच ठेवली. ऑडिटर मारतो अशाने.

कसब्यातला_बायनरी – रविवार, सकाळी ९:३०

एसक्यूलाइटही मारतं. त्यांच्या दस्तावेजात डेटाबेस कसा बिघडवावा या विषयावर एक आख्खं पान आहे. उघडी फाइल उडवणं नि एकाची कीर्द दुसऱ्याच्या खतावणीला जोडणं, दोन्ही त्यात आहे. म्हणूनच फाइल.डिलीट वापरायचं नाही. त्याने फक्त मुख्य फाइल जाते. अँड्रॉइडचं डिलीटडेटाबेस वॉल, एसएचएम, जर्नल सगळं सोबत घेऊन जातं.

सिंहगड_रोड_जॅम – रविवार, सकाळी ९:४४

अवांतर: आयफोनवरही हाच ताप. कोअर डेटा, म्हणजे माहिती साठवायची अ‍ॅपलची तयार सोय, आयओएस ७ पासून वॉलच वापरतं. उघडी फाइल उडवली की कन्सोलमध्ये 'व्हीनोड अनलिंक्ड व्हाइल इन यूज' असं खडसावतं. दुसरी गंमत म्हणजे अपडेटनंतर अ‍ॅपच्या फोल्डरच्या पत्त्यातला तो लांबलचक आकडा बदलू शकतो. फाइली शाबूत असतात, पण तुम्ही पूर्ण पत्ता कुठे लिहून ठेवला असेल तर तो जुन्या घराचा. मी एकदा 'जुना डेटाबेस उडवा' असा कोड लिहिला होता, तो सहा महिने इमानदारीत नसलेल्या पत्त्यावर जाऊन परत यायचा.

चहा_आणि_क्रॅश – रविवार, सकाळी १०:०२

सगळं छान चाललंय, पण कोणी एक गोष्ट विचारलीच नाही. गडवाट, तुमच्या अ‍ॅपमध्ये 'हा गड मी केला' अशी टिक करता येते का? स्वतःची टिपणं लिहिता येतात का?

गडवाट – रविवार, सकाळी १०:०९

हो, दोन्ही आहेत. तारीख, सोबत कोण होतं, आणि टिपण. लोक तेच जास्त वापरतात खरं तर.

चहा_आणि_क्रॅश – रविवार, सकाळी १०:१०

आणि ते कुठल्या फाइलीत जातं?

गडवाट – रविवार, सकाळी १०:३३

त्याच.

हिंजवडी_फेज_तीन – रविवार, सकाळी १०:३५

अरे देवा. मी रात्री सरळ उडवायला सांगितलं होतं. शब्द मागे. विचारायला हवं होतं.

उपाशी_उंदीर – रविवार, सकाळी ११:२०

आता मला लिहायलाच हवं. हे मी केलेलं आहे, आणि त्याची शिक्षा भोगलेली आहे.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला सदाशिव पेठेत एका काकूंच्या खानावळीत जेवायचो. साठेक पोरं. काकूंची एक लांबडी वही होती. कोण कधी लागला, अ‍ॅडव्हान्स किती, खाडे किती, कोणाचं पाहुण्याचं ताट लावलं. ज्यांनी मेस खाल्लेली नाही त्यांच्यासाठी: खाडा म्हणजे आधी सांगून न जेवलेली वेळ, महिनाअखेरीस तिचे पैसे वळते होतात. या खाड्यांवरून रोज वाद. मी म्हटलं काकू, अ‍ॅप करून देतो. केलं. त्यांच्या फोनवर टाकलं. काकू वही सोडून त्यात नोंदी करायला लागल्या, मला फार भारी वाटलं. दोन महिन्यांनी वही रद्दीत गेली.

मग त्यांनी सांगितलं की रविवारच्या फीस्टचे वेगळे पैसे धरायचेत. एक रकाना वाढवला. रूम वापरलं होतं, म्हणजे डेटाबेस सांभाळणारी गूगलची लायब्ररी. रकाना वाढवला की रूम म्हणतं व्हर्जन वाढवा. वाढवलं, तर म्हणतं जुन्यावरून नव्यावर कसं जायचं ते लिहून द्या, नाहीतर मी क्रॅश होतो. ते कसं लिहायचं ते मला येत नव्हतं. शोधलं तर एका ओळीचा उपाय मिळाला: फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन. क्रॅश बंद! नावात 'विध्वंसक' असा शब्द ढळढळीत लिहिलेला असताना मी तो वाचून पुढे गेलो. त्या ओळीचा अर्थ असा की वाट सापडली नाही तर सगळी टेबलं पाडून टाक आणि नवी, कोरी बांध. माझ्या फोनवर तपासताना दोन-तीन खोटी नावं होती, ती गेली तर मला काय कळणार.

२८ तारखेला संध्याकाळी काकूंच्या फोनवर नवं अ‍ॅप टाकलं. साडेसातला पोरं यायला लागली. काकूंनी अ‍ॅप उघडलं, तर पांढरा पडदा आणि मधोमध एक बटण: 'नवीन सभासद जोडा'.

त्या ओरडल्या वगैरे नाहीत. पोळीचा डबा उचलून बाजूला ठेवला, आतून पोराची शंभरपानी वही आणली आणि दारात खुर्ची टाकून बसल्या. येईल त्याला विचारायचं, नाव सांग, कधी लागलास, खाडे किती. पोरांनी खाडे जरा सढळ हातानेच सांगितले. एकाने तर फेब्रुवारीत एकतीस सांगितले. मी पुढचे पंधरा दिवस रात्री ताटं वाढायला उभा होतो. कोणी सांगितलं नव्हतं, मीच राहिलो.

गडवाट, तुमच्या माणसाने तोरण्यावर भिजत जाऊन आल्यावर जे टिपण लिहिलंय ना, ते तुमच्या अ‍ॅसेट्समध्ये नाहीये. फाइल तुमची, पण त्या ओळी त्याच्या.

मी_वाचक_फक्त – रविवार, सकाळी ११:४१

फेब्रुवारीत एकतीस खाडे!! ऑफिसला दांडी मारल्याचं सार्थक झालं. (आज रविवार आहे हे आत्ता लक्षात आलं.)

ताळेबंद – रविवार, दुपारी १२:०५

वही रद्दीत टाकायची नसते हो. आठ वर्षं सांभाळायची असते.

असो. याच अनुषंगाने एक शंका. माझ्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरात 'डेटाबेसेस' म्हणून एक फोल्डर आहे. त्यात एमएसजीस्टोअर नावाच्या सात-आठ फाइली, नावात तारखा. फोन सारखा जागा संपली म्हणतो. उडवू का? वरची कथा वाचून हात थरथरतोय.

सिंहगड_रोड_जॅम – रविवार, दुपारी १२:२०

काका, त्या चालू चॅटच्या फाइली नव्हेत. तो फोनवरचा बॅकअप आहे, शेवटच्या सात दिवसांपर्यंतचा. चालू चॅट अ‍ॅपच्या खासगी फोल्डरात असतात, तिथे तुम्हा-आम्हाला प्रवेश नाही. तारीखवाल्या उडवल्या तरी आजचे चॅट जाणार नाहीत. नावात तारीख नसलेली सगळ्यात ताजी फाइल तेवढी ठेवा. पण खरी जागा 'मीडिया'मध्ये गेलेली असते. सुप्रभातचे फोटो काढा आधी.

ताळेबंद – रविवार, दुपारी १२:२४

ते बहीण पाठवते. काढले तर तिला कळतं की काय अशी भीती वाटते.

गडवाट – रविवार, दुपारी ३:५०

सकाळपासून हेच करतोय. जेवायलाही उशीर झाला.

ठरवलं असं: फाइली दोन करायच्या. 'गड' या फाइलीत फक्त माझी माहिती, ती केव्हाही बदलता येईल. 'माझे_गड' या फाइलीत टिका आणि टिपणं, तिला कधीच उडवायचं नाही. या अपडेटमध्ये जुन्या फाइलीतून टिका काढून नव्या फाइलीत न्यायच्या, मग जुनी उडवायची. अटॅच वापरून दोन्ही फाइली एकाच वेळी उघडता येतात, हे आजच कळलं. एका ओळीत टिका इकडून तिकडे!

ग्रुपमधल्या चौघांना चाचणीसाठी दिलंय.

गडवाट – रविवार, संध्याकाळी ७:१५

चाचणीचा निकाल. एक मुलगी आहे ग्रुपमध्ये, तिने लोहगड तीनदा केलाय. तिचं अ‍ॅप आता म्हणतं की तिने लिंगाणा तीनदा केला. घरी आईने ते पाहिलं. लिंगाणा म्हणजे दोर लावून चढायचा सुळका, हे आईला माहीत होतं, कारण 'तिथे जायचं नाही' असं आईनेच बजावलं होतं. मला फोन आला. आईचा.

कारण सापडलं. टिका गडाच्या अनुक्रमांकाने साठवल्या होत्या. नवी फाइल करताना मी सगळी माहिती स्प्रेडशीटमध्ये अकारविल्ह्याने लावून परत भरली. नंबर सगळे सरकले. लोहगडाचा जुना नंबर आता लिंगाण्याला गेलाय.

कसब्यातला_बायनरी – रविवार, संध्याकाळी ७:३२

हसू आलं, माफ करा. पण हे चाचणीत सापडलं हे नशीब.

अनुक्रमांक हे शेजारी-शेजारी बसलेल्यांचे नंबर असतात, कोणी उठलं की बदलतात. प्रत्येक गडाला स्वतःचा कायमचा संकेत द्या, 'लोहगड-मावळ' असा काहीतरी, आणि तो पुन्हा कधीही बदलू नका. तालुक्याचं नाव बदललं तरी संकेत बदलायचा नाही. आत्ता जुन्या नंबरावरून संकेतावर जायला जुन्या फाइलीतली नावं वापरा. म्हणजे टिका उचलताना जुन्या गडाच्या टेबलाशी जोडून नाव घ्या. ते टेबल अजून फोनवर आहे, हेच जुनी फाइल आधी न उडवण्याचं बक्षीस.

अटॅचबद्दल एक सावधगिरी. वॉल चालू असताना दोन फाइलींवरचं एक ट्रान्झॅक्शन प्रत्येक फाइलीपुरतं अखंड असतं, दोन्ही मिळून नसतं. नेमकी त्या क्षणी बॅटरी गेली तर एकीत लिहिलं नि दुसरीत राहिलं, असं होऊ शकतं. म्हणून जुनीतून 'काढू' नका, फक्त वाचा. सगळं लिहून, बंद करून, परत उघडून मोजा. जुन्यात ४१ टिका होत्या, नव्यात ४१ आहेत का. जुळलं तरच जुनी डिलीट. नाही जुळलं तर नव्यातलं पुसून पहिल्यापासून.

चहा_आणि_क्रॅश – रविवार, संध्याकाळी ७:५०

मी तर जुळलं तरी त्याच वेळी उडवत नाही. पुढच्या वेळी अ‍ॅप उघडलं, नवी फाइल नीट वाचली गेली, की मग उडवते. अकरा एमबी एक दिवस जास्त राहिले तर कोणाचं काही जात नाही.

गडांची फाइल बदलताना एक पथ्य. तिच्यावर थेट कॉपी करायची नाही. तात्पुरत्या नावाने शेजारी करायची, तपासायची, मग नाव बदलायचं. नाव बदलणं एका फटक्यात होतं, कॉपी नाही. कॉपी अर्ध्यात असताना लोकलमध्ये कोणी अ‍ॅप मारलं की अर्धवट फाइल उरते आणि तुमचा तो 'फाइल आहे का' म्हणतो, आहे की! तपासायला प्राग्मा क्विक_चेक (फाइल धड आहे का बघणारी एसक्यूलाइटची आज्ञा) पुरे. त्याहून बरं म्हणजे फाइलीच्या नावातच आकडा घाला: गड_७, गड_८. नवीचं नाव वेगळं असल्यामुळे जुनीची वॉल चुकून तिला चिकटायचा प्रश्नच उरत नाही. साफसफाईला फोल्डरात जाऊन 'गड_' ने सुरू होणाऱ्या, चालू नसलेल्या सगळ्या डिलीटडेटाबेसला द्यायच्या. 'माझे_गड' त्यात सापडत नाही ना ते दोनदा बघा. मी एकदा 'नावात अमुक शब्द असलेल्या सगळ्या' असं लिहिलं होतं. पुढचं सांगत नाही.

हिंजवडी_फेज_तीन – रविवार, रात्री ८:२०

प्रायश्चित्त म्हणून एक खड्डा दाखवतो. अ‍ॅसेट्समधली फाइल तुम्ही लॅपटॉपवर बनवता. तिचा यूजर_व्हर्जन बहुतेक शून्य असेल, कारण कोणी लिहिलाच नाही. हेल्परला शून्य दिसला की तो समजतो डेटाबेस नवा कोरा आहे आणि ऑनक्रिएट बोलावतो. तिथे टेबल बनवायचा कोड असेल तर 'टेबल आधीच आहे' म्हणून क्रॅश. अ‍ॅसेट्समध्ये टाकण्याआधी आकडा लिहून टाका.

मगरपट्टा_रात्रपाळी – रविवार, रात्री ११:५५

उशिरा आलो. एक राहिलंय. गडवाट, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही म्हणालात अनइन्स्टॉल करून परत टाकलं की नीट दिसतं. सगळ्यांकडे नाही दिसणार. अँड्रॉइड ६ पासून ऑटो बॅकअप आहे. अ‍ॅपने मनाई केली नसेल तर तुमचा डेटाबेस २५ एमबीच्या मर्यादेत वापरणाऱ्याच्या गूगल ड्राइव्हवर जातो. परत इन्स्टॉल केलं की अ‍ॅप पहिल्यांदा उघडण्याआधीच ती जुनी फाइल आणून ठेवली जाते. मग तुमचा कोड म्हणतो फाइल आहे, कॉपी नको. लोक म्हणणार, दोनदा काढून टाकलं तरी वेल्हेच दाखवतंय.

दोन फाइली केल्यात ते उत्तमच. बॅकअपच्या नियमांत 'गड_' वगळा, 'माझे_गड' राहू द्या. फोन बदलला तरी टिका सोबत येतील.

गडवाट – सोमवार, सकाळी ७:२०

अहो, हे एका जणाचं खरंच होत होतं! मी त्याला म्हणत होतो की तू नीट अनइन्स्टॉल करत नाहीस. आज त्याची माफी मागतो.

जुना_रेडमी – सोमवार, सकाळी १०:१४

माझा प्रश्न वेगळा आहे, धागा काढत नाही. माझ्या अ‍ॅपमध्ये जुन्या नोंदी डिलीट क्वेरीने काढल्या, निम्म्याहून जास्त. फाइल आहे तेवढीच राहिली. ऑनअपग्रेडमध्ये व्हॅक्यूम (फाइल आवळून लहान करायची आज्ञा) टाकलं तर क्रॅश.

कसब्यातला_बायनरी – सोमवार, सकाळी १०:४०

डिलीटने पानं मोकळी होतात, फाइल लहान होत नाही. मोकळी पानं पुढच्या नोंदींसाठी राखून ठेवली जातात. व्हॅक्यूम ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही आणि ऑनअपग्रेड ट्रान्झॅक्शनमध्येच असतो, म्हणून क्रॅश. नंतर, डेटाबेस उघडून झाल्यावर, एकदा चालवा. तेव्हा फाइलीच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते, म्हणजे फोन गच्च भरलेल्याला नेमकं तेव्हाच जमणार नाही. पुढेही नोंदी येणारच असतील तर राहू द्या तसंच.

गडवाट – बुधवार, रात्री ९:३०

हिशोब देतो.

काल प्ले स्टोअरवर टाकलं, एकदम सगळ्यांना नाही, दहा टक्क्यांना. बिघडलं तर पुढचं वाटप थांबवता येतं, पण ज्यांच्याकडे गेलं त्यांना मागे आणता येत नाही, नवाच आकडा काढावा लागतो, म्हणून जपून. आज दुपारपर्यंत एकही क्रॅश नाही.

एक प्रसंग मात्र आला. बाबांच्या जुन्या फोनवर मी मुद्दाम सगळ्यात पहिलं व्हर्जन टाकून त्यावर थेट हे टाकलं. पहिल्या व्हर्जनमध्ये 'सोबत कोण होतं' हा रकानाच नव्हता! माझी क्वेरी तो मागत होती. मोजणी जुळली नाही, कोडने नव्यातलं पुसलं, जुनी फाइल तशीच ठेवली. पहिल्याच दिवशी उडवली असती तर गेलंच होतं सगळं. आता रकाना आहे का ते आधी बघतो. मधली दोन व्हर्जनं चुकवून थेट उडी मारणारे लोक असतात, हे डोक्यातच नव्हतं.

लिंगाण्याचा लोहगड झाला. आईंना स्क्रीनशॉट पाठवला, त्यांनी अंगठा दाखवला.

उंदीरराव, एक विचारायचं राहिलं. काकू पुढे अ‍ॅप वापरायच्या का?

उपाशी_उंदीर – बुधवार, रात्री ९:५२

वापरायच्या. पण रोज रात्री त्यातलं कालनिर्णयाच्या पानावर उतरवून घ्यायच्या. मी एकदा म्हटलं काकू, आता बॅकअप ठेवलाय मी. त्या म्हणाल्या, मी पण.

मी_वाचक_फक्त – गुरुवार, सकाळी ६:५८

दहा टक्क्यांत माझा नंबर लागला! चालतंय झकास, चोवीस टिका जागच्या जागी. फक्त लोहगडाच्या पानावर स्टेशनचं नाव 'मलवली' लिहिलंय, ते 'मळवली' हवं.

गडवाट – गुरुवार, सकाळी ७:०३

गड_८.